नळ, फ्लश, दार, दोरी: सार्वजनिक स्वच्छतागृहांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारतींच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे करते आहे. कार्यालये, रुग्णालये, नाट्यगृहे, कुठलीही इमारत असो, स्वच्छतागृहाबद्दल लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. विचारताना आवाज जरा खाली आणतात, कारण चूक आपलीच झाली असे बहुतेकांना वाटत असते. नळ चालला नाही, म्हणजे आपल्याला तो चालवता आला नाही. तसे नसते. या खोलीतली जवळजवळ प्रत्येक विचित्र गोष्ट कोणीतरी काहीतरी विचार करून तशी ठेवलेली असते. तो विचार करताना डोळ्यांसमोर कोण होते आणि कोण नव्हते, यावरच सगळे अवलंबून असते.

नळाखाली हात धरला तरी पाणी का येत नाही?

नळाच्या बुंध्याशी किंवा तोटीच्या खालच्या बाजूला एक काळी चकचकीत टिकली असते. तिच्यामागून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. हातावर आपटून ते परत आले की आतला विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी येते. किरण परत आले नाहीत, किंवा फारच क्षीण होऊन आले, तर नळाच्या लेखी तिथे हातच नसतो.

टिकलीवर साबणाचा किंवा क्षारांचा थर बसला की असे होते. बॅटरी उतरली तरी होते. यांतले बरेच नळ साध्या बॅटरीवर चालतात आणि ती जास्त टिकावी म्हणून सेन्सर अखंड पाहत नाही, थांबून थांबून पाहतो. त्यामुळे हात भराभर हलवून उपयोग होत नाही. हात पूर्ण बाहेर घ्या, दोन सेकंद थांबा, मग टिकलीसमोर नेऊन स्थिर धरा. तरीही नाही आले तर टिकली ओल्या बोटाने पुसून पाहा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होते, हा माझा अनुभव.

काही लोकांच्या हाताला ही यंत्रे ओळखतच नाहीत, हे खरे का?

खरे आहे. २०१७ साली एक व्हिडिओ जगभर पाहिला गेला. साबणाच्या यंत्राखाली गोरा हात धरला की साबण पडतो, काळा हात धरला की पडत नाही, आणि त्याच काळ्या हातावर पांढरा कागद ठेवला की पुन्हा पडतो. गडद पृष्ठभागावरून प्रकाश कमी परततो. किती प्रकाश परतला म्हणजे ‘हात आला’ असे मानायचे, ही मर्यादा कारखान्यात ठरते. ती ठरवताना फक्त उजळ हात वापरून पाहिले असतील तर उरलेल्या माणसांसाठी ते यंत्र बंदच.

दुरुस्ती अवघड नाही. संवेदनशीलता वाढवता येते, आणि विकत घेण्याआधी वेगवेगळ्या रंगांच्या हातांवर, गडद बाहीवर, हातमोज्यावर यंत्र तपासून घेता येते. मी आता ही तपासणी केल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करत नाही. हात धुवायला उभ्या राहिलेल्या माणसाला यंत्राने ‘तू इथे नाहीस’ असे सांगणे मला सहन होत नाही.

पाणी इतके बारीक आणि इतका थोडा वेळ का येते?

पाणी वाचवण्यासाठी. तोटीच्या टोकाशी एक जाळीदार फिरकी असते, ती पाण्यात हवा मिसळते किंवा धार फोडून तिचे बारीक थेंब करते. अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणच्या बेसिनच्या नळाला मिनिटाला साधारण १.९ लिटर एवढीच मर्यादा आहे. दाबून सोडायच्या नळात आतला व्हॉल्व्ह हळूहळू परत वर येतो आणि तो वर येईपर्यंतच पाणी मिळते.

बचत हवीच, पण तिला एक दुसरी बाजू आहे आणि ती फार कमी लोक सांगतात. धार बारीक असली की नळीत पाणी जास्त वेळ साचून राहते आणि साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढू शकतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या संशोधकांनी २०११ मध्ये आपल्याच इमारतीतल्या नळांचे पाणी तपासले. सेन्सरच्या नळांच्या निम्म्या नमुन्यांत लेजिओनेला हे न्यूमोनियासारखा आजार करू शकणारे जिवाणू वाढले, तर हाताने फिरवायच्या नळांच्या १५ टक्के नमुन्यांत. सेन्सरच्या नळातले जास्तीचे सुटे भाग आणि व्हॉल्व्ह यांच्यावर जिवाणूंना चिकटून राहायला जागा मिळते, असे त्यांना वाटले. निरोगी माणसाने यामुळे घाबरून जाऊ नये. पण रुग्णालयात ‘हात न लावता चालणारे ते अधिक स्वच्छ’ असे डोळे झाकून धरू नये, एवढे यातून नक्की कळते.

मी उठायच्या आधीच फ्लश का होतो?

मागच्या भिंतीतला सेन्सरही अवरक्त किरणांवरच चालतो. कोणी बसले आहे हे तो टिपून ठेवतो आणि माणूस समोरून हलले की फ्लश सोडतो. तुम्ही बुटाची नाडी बांधायला वाकलात, तर त्याला तुम्ही गेल्यासारखे वाटते. लहान मुलांच्या बाबतीत हे वारंवार होते, कारण त्यांची पाठ किरणांच्या वाटेत नीट येतच नाही. खालून अचानक पाणी उसळते, आवाज होतो, आणि मग ते मूल कुठल्याच कमोडवर बसायला तयार होत नाही.

उपाय सोपा आहे. बसण्याआधी टॉयलेट पेपरचा तुकडा किंचित ओला करून सेन्सरच्या काचेवर चिकटवा आणि उठल्यावर काढून टाका. चिकटपट्टी नको, तिचा डिंक काचेवर राहतो आणि पुढच्यांना त्रास होतो. उलट प्रकार झाला, म्हणजे उठूनही फ्लश झाला नाही, तर सेन्सरच्या डबीवर किंवा शेजारी एक छोटे बटण शोधा. बहुतेक ठिकाणी ते असते, फक्त दिसेल असे नसते.

घरच्यासारखी टाकी नाही, मग एवढ्या जोरात पाणी येते कुठून?

थेट नळाच्या दाबातून. घरची टाकी भरायला वेळ लागतो. गर्दीच्या ठिकाणी एकामागून एक माणसे येतात, तिथे तेवढा वेळ नसतो. म्हणून तिथे फ्लश व्हॉल्व्ह बसवतात, आणि दाबातले पाणी मोजून, एका झटक्यात सुटते. विल्यम एल्विस स्लोन यांनी १९०६ मध्ये आणलेली ही रचना आजही मुळात तशीच आहे. आवाज त्या दाबाचाच.

याच दाबामुळे बारीक थेंबही हवेत उडतात. २०२२ मध्ये कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या अभियंत्यांनी हिरव्या लेझरच्या उजेडात याचे चित्रण केले. झाकण नसलेल्या सार्वजनिक कमोडमधून थेंब सेकंदाला २ मीटरपर्यंतच्या वेगाने वर गेले आणि ८ सेकंदांत दीड मीटर उंचीला पोहोचले. ते चित्रण पाहिल्यापासून मी आधी कडी उघडते, मग फ्लश करते आणि लगेच बाहेर पडते.

मग झाकण का नसते? आणि बैठक पुढून उघडी का असते?

झाकण म्हणजे हात लावायची, पुसायची आणि तुटायची आणखी एक वस्तू. म्हणून सार्वजनिक ठिकाणी ते बहुधा देतच नाहीत. झाकण लावल्याने फवारा पूर्ण अडतो असेही नाही, बैठकीच्या फटीतून काही बाहेर येतेच.

घोड्याच्या नालासारखी पुढून उघडी बैठक ही मूळची अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमांतून आलेली. १९५५ च्या प्रमाणित नियमावलीत ती होती. बसणाऱ्याच्या अंगाचा बैठकीशी संबंध कमी यावा, पुढच्या भागावर लघवीचे थेंब साचू नयेत आणि बायकांना बैठकीला हात न लागता अंग पुसता यावे, एवढी तीन कारणे. त्या वेळी हे कोणीतरी बायकांचा विचार करून लिहिले, याचे मला अजून बरे वाटते.

दाराला एवढ्या फटी कशासाठी?

फटींचा सगळ्यात जास्त त्रास अमेरिकी धाटणीच्या स्वच्छतागृहांत होतो. युरोपात बऱ्याच ठिकाणी भिंती आणि दार जवळजवळ जमिनीला टेकतात. अमेरिकी पद्धतीत तयार फळ्या खांबांवर टांगतात आणि खाली साधारण ३० सेंटीमीटर मोकळी जागा सोडतात.

खालच्या फटीची कारणे मला पटतात. पाण्याचा पाइप मारून सगळी फरशी एकदम धुता येते, हवा खेळते, आणि आत कोणी बेशुद्ध पडले तर बाहेरच्याला कळते. दार आणि खांब यांच्यामधली उभी फट मात्र निव्वळ स्वस्ताई आहे. फळ्या ठरावीक मापात येतात, भिंती कधीच काटकोनात नसतात, आणि जुळवून बसवायला मजुरी लागते. मग बसवणारा थोडी ढील ठेवतो आणि ती ढील म्हणजे तुमच्या डोळ्यासमोरची फट. फट झाकणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या नंतरही लावता येतात. कोणी मागितल्या नाहीत म्हणून लावल्या जात नाहीत. तेव्हा मागा.

मोठ्या स्वच्छतागृहांना बाहेरचे दारच नसते. का?

विमानतळावर सामान घेऊन जाणाऱ्या माणसाला दार ढकलायला हात मोकळा नसतो. शिवाय धुतलेल्या हातांनी पुन्हा दाराची मूठ धरावी लागत नाही. नागमोडी वळणाची भिंत घातली की बाहेरून आतले दिसत नाही, आणि आतला पंखा हवा सतत बाहेर ओढत असल्याने बाहेरची हवा आत येते, आतला वास बाहेर जात नाही. अलीकडे आलेल्या बदलांतला हा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

रांगेतले कुठले शौचालय सगळ्यात स्वच्छ?

पक्के उत्तर देता येणार नाही, पण माणसे कुठे जातात याचा एक सुरेख पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या एका समुद्रकिनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहात संपलेल्या टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या मोजल्या गेल्या. मोजणारे होते तिथले सफाई कर्मचारी. संपलेल्या गुंडाळ्यांपैकी ६० टक्के मधल्या दोन शौचालयांतल्या होत्या, ४० टक्के दोन टोकांच्या. म्हणजे टोकाला गेलात तर वापर कमी झालेला असण्याची शक्यता जास्त. मी टोकालाच जाते. तिथे कागदही बहुधा शिल्लक असतो.

टॉयलेट पेपरची गुंडाळी फिरत का नाही?

मुद्दाम. डब्यात घर्षण ठेवलेले असते, म्हणजे एका ओढीत हातभर कागद येत नाही. मोठी गुंडाळी लावली की ती बदलायला कर्मचाऱ्याला कमी फेऱ्या माराव्या लागतात. बीजिंगच्या स्वर्गमंदिरात कागद फार चोरीला जाऊ लागला, तेव्हा २०१७ मध्ये चेहरा ओळखणारे यंत्र बसवले गेले. एका वेळी ६० सेंटीमीटर कागद, आणि त्याच माणसाला पुन्हा हवा असल्यास ९ मिनिटे थांबायचे. पोट बिघडलेल्या माणसाला ती ९ मिनिटे कशी जातील, हा विचार मला तेव्हाही छळत होता.

हात गरम हवेने वाळवावेत की कागदाने?

आधी हे नक्की करा की हात वाळवायचेच आहेत. ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा सहज इकडून तिकडे जातात. अर्धवट ओले हात कपड्यांना पुसत बाहेर पडणे ही सगळ्यात वाईट निवड.

लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हातांवर निरुपद्रवी जिवाणू लावून तुलना केली. जोरदार झोताच्या ड्रायरजवळच्या हवेत सापडलेले जिवाणू साध्या गरम हवेच्या ड्रायरच्या साडेचार पट होते आणि कागदाच्या २७ पट. कारण उघड आहे: झोत पाणी वाळवत नाही, उडवतो, आणि पाण्यातले सगळे सोबत उडते. हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. या विषयातल्या संशोधनाला कागद बनवणाऱ्यांनीही पैसा पुरवला आहे आणि ड्रायर बनवणाऱ्यांनीही. शिवाय हात साबणाने नीट २० सेकंद धुतले असतील, तर उडायला फारसे काही उरतच नाही. जागतिक आरोग्य संघटना हात पूर्ण वाळवा एवढेच सांगते, कागदाने किंवा गरम हवेने. माझे मत असे: रुग्णालयात कागद, इतरत्र दोन्ही ठेवावे आणि निवड माणसावर सोडावी.

ड्रायरच्या आवाजाने माझे मूल रडते. ते उगाच घाबरते आहे का?

नाही. त्याचे कान तुमच्या कानांपेक्षा यंत्राच्या तोंडाशी जवळ असतात.

कॅनडातल्या नोरा कीगन या मुलीने ९ वर्षांची असताना हाच प्रश्न विचारला आणि उत्तर शोधायला घेतले. अल्बर्टा प्रांतातल्या सार्वजनिक ठिकाणांतले ४४ ड्रायर तिने आवाज मोजायच्या यंत्राने तपासले, वेगवेगळ्या उंचीवरून, लहान मुलांच्या कानाच्या उंचीवरूनही. काहींचा आवाज १०० डेसिबलच्या वर गेला. त्या देशात खेळण्यांना १०० डेसिबलपेक्षा जास्त आवाजाची परवानगी नाही. तिचा निबंध २०१९ मध्ये, ती १३ वर्षांची असताना, बालआरोग्याच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

माझी भाची लहानपणी ड्रायर दिसला की दोन्ही कानांवर हात ठेवून दारातच उभी राहायची. आम्ही सगळे तिला ‘काही होत नाही’ म्हणून आत ओढायचो. तिला होत होते. कुत्रा घेऊन चालणारी अंध माणसे, स्वमग्न मुले, श्रवणयंत्र लावणारे आजी-आजोबा, या सगळ्यांना तो आवाज टोचतो. नवीन ड्रायर घेताना डेसिबलचा आकडा विचारा. आणि आकडा रिकाम्या यंत्राचा आहे की झोतात हात धरलेला असतानाचा, हेही विचारा, कारण हात मध्ये आला की आवाज बदलतो.

बायकांच्याच दारात रांग का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचे उत्तर ‘बायका वेळ लावतात’ एवढेच दिले जाते, याचा मला राग आहे.

बायकांना वेळ लागतो हे खरे. कपडे जास्त सोडावे लागतात, पाळी असते, गरोदरपण असते, आणि लहान मूल किंवा म्हातारी आई बहुधा त्यांच्याबरोबरच आत जाते. पण रांग फक्त वेळामुळे होत नाही, जागेच्या वाटणीमुळे होते. नकाशावर दोन्ही खोल्या सारख्या आकाराच्या काढल्या की कागदावर न्याय दिसतो. मात्र युरिनलला दार, भिंती, फिरायची जागा लागत नाही. तेवढ्याच जागेत पुरुषांच्या बाजूला २० ते ३० टक्के जास्त सोय बसते. म्हणजे ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांनाच कमी जागा.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये रांगांचे गणित मांडून हे दाखवले. गर्दीच्या वेळी नेहमीच्या रचनेत बायकांना सरासरी सहा मिनिटांहून जास्त थांबावे लागत होते, पुरुषांना ११ सेकंद. सगळी शौचालये दोघांनाही खुली केली आणि युरिनल वेगळ्या आडोशाला ठेवले, तर बायकांचे थांबणे दीड मिनिटाच्या आत आले आणि पुरुषांचे एका मिनिटाच्या आत. खर्च न वाढवता, फक्त वाटणी बदलून. न्यूयॉर्क शहराने २००५ मध्ये कायदा करून नव्या सभागृहांत आणि मद्यालयांत बायकांसाठी दुप्पट सोय सक्तीची केली. दोन्ही वाटा चालतील. मात्र सारखे क्षेत्रफळ म्हणजे सारखी वागणूक, हे म्हणणे आता कोणी माझ्यासमोर करू नये.

आत बसलेले असताना दिवे का जातात?

छतातला सेन्सर हलणारी उष्णता टिपतो. तुम्ही शांत बसलात, किंवा तुमच्या आणि सेन्सरच्या मध्ये दाराची फळी आली, की त्याच्या हिशेबाने खोली रिकामी झाली. ठरलेली मिनिटे संपली की अंधार. हात डोक्याच्या वर नेऊन फळीच्या वरून हलवा, बहुतेक वेळा दिवे येतात. देखभाल करणाऱ्यांनी दोन कामे करावीत: वेळ वाढवावी, आणि एक छोटा दिवा कायम चालू ठेवावा. ज्याला तोल सांभाळायला डोळ्यांचा आधार लागतो, त्याच्यासाठी तो अंधार धोक्याचा असतो.

निळा दिवा कशासाठी लावतात?

निळ्या उजेडात हातावरची शीर दिसत नाही, म्हणून अमली पदार्थ टोचून घेणारे तिथे येणार नाहीत, असा हिशेब. प्रत्यक्षात काही जण अंदाजाने सुई खुपसतात आणि स्वतःला जास्त इजा करून घेतात. शिवाय रक्त पडलेले कर्मचाऱ्याला दिसत नाही आणि नजर कमी असलेल्यांना धड पाऊल टाकता येत नाही. मी हे दिवे कधीच सुचवत नाही.

युरिनलमध्ये माशीचे चित्र का असते?

नेम धरायला काहीतरी मिळाले की माणूस नकळत नेम धरतो. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही माशी आली आणि तिथून जगभर गेली. ती मध्यभागी नसते. जिथे धार पडली तर शिंतोडे कमी उडतात, तिथे ती काढलेली असते.

शिंतोड्यांमागे कोनाचे गणित आहे. धार पृष्ठभागावर साधारण ३० अंश किंवा त्याहून लहान कोनात पडली तर ती घसरते, उसळत नाही. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच धरून शंखासारख्या वळणाचे युरिनल तयार केले आणि २०२५ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. यात मला महत्त्वाचे वाटते ते असे की उडालेल्या प्रत्येक शिंतोड्याचे पाणी शेवटी कोणीतरी वाकून पुसत असते.

चकाचक फरशी, तरी वास. कुठून येतो?

बहुतेक वेळा फरशीतल्या जाळीतून. प्रत्येक निचऱ्याच्या नळीला एक वळण असते आणि त्या वळणात पाणी साचून राहते. ते पाणी म्हणजे बूच. गटारातला वायू त्याच्यापलीकडे राहतो. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये एस आकाराच्या वळणाचे एकस्व (पेटंट) घेतले, तेव्हापासून घरातली शौचालये सुसह्य झाली. पण ज्या जाळीत रोज पाणी जात नाही, तिथले बूच वाळून जाते. यंत्राने फरशी पुसायला लागल्यापासून हे जास्त होते, कारण पाणी जाळीपर्यंत पोचतच नाही. तांब्याभर पाणी ओता, वास जातो. वापर फारच कमी असेल तर वरून थोडे तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

बिनपाण्याच्या युरिनलमध्येही हेच तत्त्व. तिथे लघवीपेक्षा हलके असे तेलकट द्रव वर तरंगते आणि झाकणाचे काम करते. साफ करताना कोणी त्यात बादलीभर पाणी ओतले की ते द्रव वाहून जाते आणि मग वास सुरू. दोष कर्मचाऱ्याचा नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

जपानी कमोडवरची एवढी बटणे कशी ओळखायची?

२०१७ मध्ये तिथल्या उत्पादकांनी आपापली चिन्हे सोडून ८ सामाईक चिन्हे ठरवली, त्यामुळे नव्या यंत्रांवर फ्लश, मागचा फवारा, पुढचा फवारा, थांबा वगैरे चित्रे सारखीच असतात. एक वेगळे बटण वाहत्या पाण्याचा नुसता आवाज करते. आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बायका सारखा फ्लश चालवत आणि पाणी वाया जाई. म्हणून १९८८ मध्ये टोटो कंपनीने हे यंत्र आणले. लाजेला न हसता तिची सोय केली, हे मला फार आवडते.

काचेचे पारदर्शक शौचालय खरोखर आहे?

आहे. टोकियोच्या शिबुया भागातल्या दोन उद्यानांत, २०२० पासून. वास्तुकार शिगेरू बान यांची रचना. रिकामे असताना आरपार दिसते, म्हणजे आत कोणी दबा धरून नाही आणि आत घाण नाही हे जाण्याआधीच कळते. आतून कडी लावली की काच धूसर होते. एकट्या बाईच्या मनातली भीती लक्षात घेऊन केलेली रचना म्हणून मी तिच्याकडे पाहते.

दारावरचे चित्र कळत नाही तेव्हा काय करावे?

विचारावे. पोलंडमध्ये वर्तुळ म्हणजे बायका आणि त्रिकोण म्हणजे पुरुष, हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. टोपी आणि पंखा, सूर्य आणि चंद्र असली चित्रे लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की घाईत आलेल्या, चष्मा विसरलेल्या माणसाला ते समजेल का हे एकदा पाहावे.

पिशवी अडकवायला हूक का नसतो?

असतो, मग तुटतो किंवा काढला जातो. दाराच्या वरच्या कडेला लावला तर बाहेरून हात घालून पिशवी पळवता येते. योग्य जागा म्हणजे बाजूच्या भिंतीवर, बसल्या जागी हात पोचेल अशी. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी आणखी एक, खाली.

अपंगांच्या शौचालयातली लाल दोरी जमिनीपर्यंत का लोंबते?

कारण ती ओढून मदतीसाठी घंटा वाजवायची असते, आणि पडलेला माणूस जमिनीवर असतो.

ब्रिटनमधल्या मार्गदर्शक नियमांत हे अगदी मापाने दिले आहे. दोरी लाल हवी, तिला दोन कड्या हव्यात, एक जमिनीपासून ८०० ते १००० मिलिमीटरवर, म्हणजे बसलेल्याच्या हाताला येईल अशी, आणि दुसरी १०० मिलिमीटरवर, म्हणजे फरशीवर पडलेल्याच्या हाताला येईल अशी.

आणि तरीही जिथे जाल तिथे ती दोरी आधाराच्या दांड्याला गुंडाळलेली किंवा वर गाठ मारून ठेवलेली दिसेल. कधी पुसताना अडथळा होतो म्हणून, कधी कोणी दिवा लावायची दोरी समजून ओढते म्हणून. माझी आई एका इमारतीत अशीच पडली. दोरी होती, तिला घंटाही जोडलेली होती, पण ती दांड्याला तीन वेढे देऊन बांधलेली. आई फरशीवरून ती पाहत होती. मी दार ठोठावेपर्यंत वीस मिनिटे गेली.

तेव्हापासून मी कुठल्याही इमारतीत गेले की आधी त्या खोलीत डोकावते आणि दोरी सोडते. तुम्हीही सोडा. परवानगी विचारायची गरज नाही. नंतर तिथल्या कर्मचाऱ्याला शांतपणे कारण सांगा, कारण बहुतेकांना ते खरोखर माहीत नसते.

बिघाड दिसला तर कोणाला आणि कसे सांगावे?

आत किंवा दाराजवळ बहुधा सफाईच्या वेळांचा तक्ता असतो, त्यावर संपर्क असतो. ‘स्वच्छतागृह घाण आहे’ असे सांगू नका, त्याचा सगळा राग सफाई करणाऱ्या माणसावर निघतो आणि बिघाड तसाच राहतो. ‘डावीकडून तिसरे, कडी लागत नाही’, ‘दुसऱ्या बेसिनचा सेन्सर बंद’, ‘मधल्या जाळीतून वास येतो’ असे जागेसह सांगा. असा निरोप आला की मी पाना घेऊन थेट तिथेच जाते.